जांभळीखालची जागा

हौसरावाच्या डोक्यात डोंगरात घर बांधायचं खूळ कुठून शिरलं, हे निमोण्यात कुणालाच सांगता येत नव्हतं. त्याच्या बायकोला, पुतळाबाईला, मात्र पहिल्या दिवसापासून एक गोष्ट पक्की ठाऊक होती. माणूस जे चारचौघांत मोठ्यानं सांगत सुटतो, ते खरं नसतं. आणि हौसराव तर पारावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता की डॉक्टरनं थंड हवा सांगितलीय, खंडाळ्याला थोडी जागा घेतो, चार भिंती उभ्या करतो आणि उन्हाळ्यात महिना-पंधरा दिवस जाऊन राहतो.

नया पैसा नुकताच निघाला होता आणि निमोण्याच्या बाजारात अजून हिशेब आण्यांतच चालत होता, तेव्हाची ही गोष्ट. खंडाळ्याला बंगला म्हणजे मुंबईच्या शेठजींची आणि पारशांची कामं. कांद्याच्या पैशावर वर आलेल्या, सोसायटीचा चेअरमन झालेल्या माणसानं फार तर विहिरीवर इंजिन बसवावं, नाहीतर घरावर माडी चढवावी. हवा खायला कुणी घर बांधतं का? हवा काय निमोण्यात कमी होती? फाल्गुन लागला की ती धुळीसकट फुकट घरात येत होती.

पुतळाबाई संशयी होती हे सांगणं म्हणजे घोडनदीच्या पात्रात वाळू आहे म्हणून सांगण्यासारखं. दुकानदारानं तेलात भेसळ नाही म्हणून शपथ घेतली, तर ती विचारायची, मग शपथ कशाला घेतोस? सून माहेराहून हसत आली तर हिला वाटायचं, काहीतरी मागणार. तिच्या ह्या स्वभावानं घरातली एक पै कधी वाया गेली नाही, हेही खरं. म्हणून घरातले लोक तिच्या संशयाला भीत होते आणि त्याच्यावरच विसंबूनही होते.

डॉक्टरची गोष्ट तिनं आठवड्यात मोडून काढली. धाकट्या मुलाला पेंड आणायच्या निमित्तानं घोडनदी गावाला धाडलं आणि जाता जाता कंपाउंडरकडून काढून घ्यायला लावलं. डॉक्टरनं चेअरमनला तंबाखू कमी करायला सांगितली होती. थंड हवेचा शब्दही निघाला नव्हता. नवऱ्यानं एक खोटं सांगितलं म्हणजे त्याच्यामागं खरं काय आहे, हे शोधणं बायकोचं कामच झालं.

आणि खरं काय असणार, ते तिला दिसायला लागलं होतं. तिची थोरली बहीण धुरपदा दौंडकडं दिली होती. तिच्या नवऱ्यानंही असंच मळ्यात लांब एक छप्पर घातलं होतं, राखणीला म्हणून. त्या छपरात एक बाई राहायला आली. वर्षानं ती बाई वाड्यावर आली, आणि आणखी वर्षानं स्वयंपाकघराची किल्ली तिच्या कमरेला लागली. धुरपदा त्याच घरात त्याच बाईच्या हातची भाकरी खाऊन मेली. पुतळाबाईनं ते डोळ्यांनी पाहिलं होतं. हातातली चूल गेली की घरची मालकीण त्याच घरात पाहुणी होते, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. दुसरी बाई म्हणजे नुसतं रडगाणं नव्हे, ती चूल घेऊन जाते. पुतळाबाईचा जीव धाकात होता तो यासाठी.

तसं नवऱ्याशी तिचं भांडण असं कधी नव्हतंच. भांडायला बोलावं लागतं. घरात खायची तोंडं पंधरा. सासू साखरबाई अजून खणखणीत, चुलीसमोरच्या कोपऱ्यात पाट टाकून बसलेली. आधी बाप्ये जेवायचे, मग पोरंटोरं, मग सुना, आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं घेऊन पुतळाबाई. नवऱ्याला काही सांगायचं तर नातवाकडून, 'आज्याला सांग, बैलाचा पाय सुजलाय.' त्याचा जबाबही नातवाकडूनच यायचा. दिवसाउजेडी सासूसमोर आणि सुनांसमोर नवराबायकोनं तोंडाला तोंड देऊन बोलायचं नसतं. तिच्या आईनं बोलायचं टाळलं, सासूनं टाळलं, म्हणून तिनंही. तीस वर्षं अशी सुखात गेली होती.

आता हौसराव महिन्या-दीड महिन्यानं खंडाळ्याला जायला लागला. घोडनदीच्या महबूबचा ट्रक होता. तो ह्यांचाच कांदा भरून घाटातून मुंबईला जायचा, त्याच ट्रकात पुढं बसून हा जायचा. महबूब त्याचा लहानपणचा दोस्त. शाळेसाठी हौसराव घोडनदीत राहायचा तेव्हा महबूबच्या आईनं, जन्नतबीनं, त्याला पोटच्या पोरासारखं खायला घातलेलं. तो तिला मावशी म्हणायचा आणि अजूनही बाजाराला गेला की तिच्या ओट्यावर टेकल्याशिवाय यायचा नाही. खंडाळ्याहून परत आला की गडी खुशीत असायचा. हातपाय धुताना गुणगुणायचा. घरी आलेला नवरा गप्प असला तर बायकोनं काळजी करावी, आणि गुणगुणत असला तर चौकशी करावी.

ती चौकशी पुतळाबाईनं शनिवारच्या बाजारात केली. बांगड्या भरायचं निमित्त काढून ती महबूबच्या घरी गेली. जन्नतबी लेकीकडं गेली होती, घरात महबूबची बायको गुलशन एकटीच होती. गुलशन भोळी. तिच्या पोटात पाणीही राहायचं नाही. चहा उकळेपर्यंत तिनं सगळं ओकून टाकलं. चेअरमनांना म्हणे घर एकाच खोलीचं हवं होतं, पुढं एक ओसरी, बस्स. पोरंबाळं, पाहुणेरावळे यांच्यासाठी काही नको. रस्त्यापासून लांब हवं. पाणी मात्र जवळ हवं, बाईमाणसाला चढउतार पडता कामा नये म्हणून. आणि न्हाणीला दार हवं, आतून कडी लागेल असं.

पुतळाबाईनं चहाची वाटी खाली ठेवली. बाईमाणसाला चढउतार. बाईमाणूस कोण, हे तिनं अगदी साध्या आवाजात विचारलं.

गुलशनला ते माहीत नव्हतं. तिनं नवऱ्याला विचारलं होतं, तर त्यानं डोळे वटारले होते. पण एक गोष्ट तिला दाखवायची होती. तिनं फळीवरनं पेंढ्यात गुंडाळलेलं एक गाठोडं काढलं. त्यात निळ्या फुलांच्या दोन कपबश्या होत्या, चिनीमातीच्या. हौसरावानं पुण्याहून आणून तिच्याकडं ठेवायला दिल्या होत्या, निमोण्यात कुणाला सांगू नकोस म्हणून बजावून. निमोण्याच्या घरात सगळे पितळीत चहा ओतून पीत होते, आणि इथं दोघांच्या दोन कपबश्या पेंढ्यात झोपल्या होत्या. पुतळाबाईनं त्या हातात घेऊन पाहिल्या. पडल्या असत्या तर फुटल्या असत्या, पण तिनं त्या जपून परत ठेवल्या. पुरावा फोडायचा नसतो.

परतीच्या गाडीत तिला रडायला आलं नाही. राग आला. तीस वर्षं ज्या माणसाला गरम भाकरी वाढली, त्याला कडी लावायला आता डोंगरावर दार हवं झालं होतं.

चार दिवसांनी महबूब कांदा भरायला निमोण्यात आला. पोती चढत होती. हौसराव ट्रकच्या टायरकडं वाकून असा बघत होता की जणू त्यात काहीतरी लिहिलेलं आहे. महबूब अंगणात आला आणि दाराकडं बघून म्हणाला, "वहिनी, ह्या खेपेला तुम्हीबी चला की जागा बघायला. चेअरमनला काय कळतंय घरातलं?"

चोराच्या मनात चांदणं, म्हणून आधीच बोलावणं, असं पुतळाबाईच्या मनात आलं. बायको कांदा, गुरं, नातवंडं सोडून यायची नाही हे दोघांनाही ठाऊक. मग उद्या बोलायला मोकळे, की आम्ही बोलावलं होतं. तिनं दाराआडून सांगितलं, येते म्हणून. टायरकडं बघणारा हौसराव झटक्यात उभा राहिला. तो दचकला असं तिला वाटलं. त्याच दिवशी तिनं पाटसला आपल्या भावाला, तात्याबाला, सांगावा धाडला. साक्षीदार आपला असावा.

ठरल्या दिवशी नवराबायको एस्टीनं पुण्याला निघाले. बाप्ये एका अंगाला आणि बाया दुसऱ्या अंगाला बसल्या होत्या. शिक्रापूरला गाडी थांबली तेव्हा हौसराव खाली उतरला, भाजक्या शेंगांचा पुडा घेऊन खिडकीपाशी आला आणि सरळ तिच्या हातात दिला. तीस वर्षांत त्यानं तिच्या हातात सरळ काही दिलं नव्हतं. बाजारातून आणलेलं लुगडंसुद्धा सासूच्या हातून मिळायचं. पुतळाबाईनं शेंगा पदरात बांधल्या, एकही फोडली नाही. बैल विकायला काढायचा असला की मालक त्याला आदल्या दिवशी पेंड घालतो, हे तिनं पुष्कळदा पाहिलं होतं.

पुण्याच्या स्टेशनावर दौंडच्या गाडीनं आलेला तात्याबा उभा होता, डोक्याला फेटा, काखेत छत्री. त्याला पाहून हौसरावाचा चेहरा खर्रकन उतरला. "दाजी, म्हनलं आपुनबी बघावं डोंगरावरलं घर," तात्याबा म्हणाला. हौसराव बरं म्हणाला आणि पुढं खंडाळ्यापर्यंत खिडकीबाहेर बघत बसला. तात्याबा दिसेपर्यंत तो चांगला खुशीत होता. पुतळाबाईनं हेही मनात टिपून ठेवलं.

खंडाळ्याला सोपानराव नावाचा दलाल स्टेशनावर आला होता. काळी टोपी, कोटाच्या खिशात सुपारी, आणि तोंडात प्रत्येक जागेसाठी तेच कौतुक. त्यानं पहिली जागा दाखवली ती सडकेला लागून. सपाट, ऐसपैस, मोटार दारात येईल अशी. अशी जागा निमोण्यात असती तर भावाभावांत डोकी फुटली असती. हौसरावानं नीट पाहिलंसुद्धा नाही. वर्दळ फार म्हणाला. दुसरी जागा देवळाशेजारी, पाण्याचा आड लागून, चार घरांचा शेजार. बाईमाणसाच्या मनात भरेल अशी. हौसराव म्हणाला, इथं लोक उठल्यासुटल्या डोकावतील. तात्याबानं बहिणीकडं पाहिलं. बहिणीनं जमिनीकडं पाहिलं.

तिसरी जागा पायवाट संपते तिथं होती. उताराच्या कडेला एक जुनी जांभूळ, तिच्याखाली चार खाटा मावतील एवढी सपाटी, आणि समोर नुसती दरी. पाण्याचा झरा हाकेच्या अंतरावर. वारा असा होता की पुतळाबाईला पदर दोन्ही हातांनी धरावा लागला. देशावरच्या माणसाला एवढं हिरवं बघायची सवय नसते. तिला क्षणभर वाटलं, इथं बसावं. मग आपण कशासाठी आलोय ते तिला आठवलं.

हौसराव जांभळीखाली जाऊन उभा राहिला होता. त्याचा चेहरा उजळला होता. सोपानरावानं ते हेरलं आणि सुपारी दाढेखाली धरून म्हणाला, "शेठ, इथं दोन माणसं महिनाभर राहिली तरी तिसऱ्याला पत्ता लागायचा नाही. कुणी येणार नाही, कुणी बघणार नाही."

तात्याबा खाकरला. हौसरावाचे कान लाल झाले. मग त्यानं जे केलं ते पुतळाबाईच्या जन्मात घडलं नव्हतं. तिच्या सख्ख्या भावासमोर, परक्या दलालासमोर, तो तिच्याकडं वळला आणि थेट तिलाच विचारलं, "जागा बरी हाय का?"

पुतळाबाईच्या मनात इतके दिवस साचलेलं तोंडाशी आलं. ती म्हणाली, "ज्यांना ऱ्हायाचं हाय त्यांना इचारा."

हौसराव जांभळीखालून बाजूला झाला. टोपी काढून झटकली, पुन्हा घातली. सोपानरावाला म्हणाला, कळवतो नंतर. परतीच्या वाटेवर तो दहा पावलं पुढं चालत होता आणि मागं तात्याबा बहिणीला सांगत होता की आता बैठक बसवायलाच हवी, धुरपदाच्या वेळी आपण गप्प राहिलो ते पुरे झालं. पुतळाबाईलाही ते पटलं.

पंधरवड्यानं बैठक बसली. भावकीतला सगळ्यांत वडील म्हणून कोंडिबा आबा आले, तात्याबा पाटसाहून आला, गावातली आणखी दोनतीन जाणती माणसं आली. हौसरावाचे दोन्ही मुलगे भिंतीला टेकून मान खाली घालून बसले. पडवीत घोंगड्या अंथरल्या होत्या. बाया आत होत्या. पुतळाबाईनं चुलीवर चहाचं आधण ठेवलं होतं आणि तिचे कान बाहेर होते. तात्याबानं सगळा पाढा वाचला. खोटा डॉक्टर, एकच खोली, न्हाणीची कडी, दोन कपबश्या, आणि दलालाचं ते बोलणं. ऐकताना तिचं तिलाच वाटलं, आपण किती नीट गोळा केलं हे.

तेवढ्यात परसदारानं जन्नतबी आत आली. घोडनदीहून एस्टीनं आली होती, फाट्यापासून चालत, धापा टाकत. लेकीकडून परत आल्यावर गुलशननं तिला बांगड्यांच्या दिवशीचं सगळं सांगितलं होतं, आणि बैठकीची बातमी महबूबनं. तिनं पाणीसुद्धा मागितलं नाही. पुतळाबाईचा दंड धरून तिला धान्याच्या बळदाच्या अंधारात नेलं.

"पोरी, काय करून बसलीस ह्ये," जन्नतबी म्हणाली. "आगं, ती खोली तुझ्यासाठी हाय."

पुतळाबाईला पहिल्यांदा जन्नतबीचाच संशय आला. ही त्यांचीच माणसं, सावरायला आली असणार. तिनं तसं बोलूनही दाखवलं.

म्हातारी रागावली नाही. खालच्या आवाजात तिनं सांगितलं. मागच्या सालच्या दिवाळीनंतर महबूबचा ट्रक खंडाळ्याला बिघडला होता. हौसराव वाट बघत एका बंगल्यासमोर दगडावर बसला होता. बंगल्याच्या ओसरीत एक पारशी म्हातारा आणि त्याची म्हातारी समोरासमोर बसून चहा पीत होती. बोलत नव्हती, काही करत नव्हती, नुसती बसली होती. ट्रक दुरुस्त होईस्तोवर हा त्यांच्याकडं बघत राहिला. घोडनदीला आल्यावर जन्नतबीच्या ओट्यावर टेकला.

"मंग म्हनला, मावशे, तीस वरसं झाली लगीन हून. हिच्यासंगं बसून एक घास खाल्ला न्हाई म्या. आधी आई हुती, मंग पोरं झाली, आता सुना. उद्या दोघांतलं एक जाईल. म्हनला, लांब कुठंतरी जिथं कुणी बघनार न्हाई तिथं चार दिस हिला बसवून चा पाजायचा हाय." जन्नतबीनं डोळे पुसले. "म्या म्हनलं, सांग की तिला. तर लाजला. पन्नाशीचा बाप्या, पोरीवानी लाजला. जागा दावतो म्हनला, तिच्या मनाला आली की आपसूक कळंल तिला. आन् तू भावाला घेऊन गेलीस."

पुतळाबाई बळदाला धरून उभी राहिली. तिला शिक्रापूरच्या खिडकीतला त्याचा हात आठवला, शेंगांचा पुडा पुढं करणारा. जांभळीखाली वळून बघणारा चेहरा आठवला. तीस वर्षांत त्यानं एकदाच चारचौघांत तिला काही विचारलं होतं आणि ते हे होतं. तिला इतकी लाज वाटली की भिंतीत शिरावंसं वाटलं. आणि लाजेच्या खाली, खोल, असा आनंदही झाला की त्याचं काय करावं ते तिला कळेना. पन्नाशीला टेकलेल्या बाईनं अशा वेळी काय करायचं, हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं.

मग तिच्या ध्यानात आलं की बाहेर बैठक चालू आहे. ती दाराशी धावली. उंबऱ्याआड येऊन उभी राहिली तेव्हा कोंडिबा आबा बोलत होते.

"हौसराव, लांबड लावू नगंस. बाई हाय का न्हाई, येवढंच सांग."

हौसराव मांडी घालून बसला होता, हात गुडघ्यांवर. त्यानं मान वर केली आणि दाराकडं पाहिलं. त्याला तिचा पदर दिसला असावा.

पुतळाबाईनं ओठ उघडले. एक पाऊल टाकायचं होतं, एवढंच. बाहेर जाऊन म्हणायचं होतं की बाई मीच आहे. पण त्याच क्षणी तिला पुढचंही सगळं दिसलं. आपल्याकडं बाई ठेवणाऱ्याला लोक नावं ठेवतात, पण त्याच्याशेजारी बसून विडीही ओढतात. चारदोन एकर जातात त्याचे, पत जात नाही. पण जो माणूस तीस वर्षांनी स्वतःच्याच बायकोशेजारी बसायला डोंगरावर घर बांधतो, त्याचं काय? त्याला चावडीवर तोंड दाखवता येत नाही. बायकोच्या ताटाखालचं मांजर म्हणून पोरंसोरं म्याव म्याव करतात. सोसायटीच्या मीटिंगला लोक पदर सावरल्यासारखं करून हसतात. मुलांना मान वर करता येत नाही, सुना तोंडाला पदर लावतात, आणि हे कधी विसरलं जात नाही. तिला हे जितकं ठाऊक होतं तितकंच त्यालाही ठाऊक होतं.

"हाय," हौसराव म्हणाला.

पडवीतल्या सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. पुतळाबाईला ऐकू आलं, त्यात दुःख कमी आणि समाधान जास्त होतं. मामला ओळखीचा निघाला होता. आबांनी विचारलं, कुठली. लांबची, तो म्हणाला. आपल्यातली का? व्हय, आपल्यातलीच. तात्याबानं विचारलं, कधीपासून? हौसराव म्हणाला, लई वरसं झाली. थोरल्या मुलानं तोंड फिरवलं. आबांनी समजुतीच्या सुरात सांगितलं की ह्या वयात हे शोभत नाही, घरात लक्ष्मीसारखी बाई आहे, तिच्या जिवाला घोर नको.

"न्हाई आता," हौसराव म्हणाला. "घर बांधत न्हाई. सोपानरावाला तसं कळवतो. इषय संपला."

"आन् ती बाई?"

"तिला म्या काय बोललो न्हाई अजून. ऱ्हाईल ती हाय तिथंच."

नकुशी, धाकटी सून, चहाचं तबक घेऊन बाहेर गेली. लोकांनी चहा घेतला, कांद्याच्या भावाचं बोलणं निघालं, कुणी तंबाखू चोळली. आबा हौसरावाच्या पाठीवर थाप मारून उठले. जाताना तात्याबा परसदारी आला आणि बहिणीला म्हणाला की आता निर्धास्त राहा, तुझी चूल आम्ही राखली. पुतळाबाईनं मान हलवली. जन्नतबी बळदापाशी बसून होती. तिनं कपाळावर हात मारून घेतला.

संध्याकाळी बाप्यांची पंगत बसली. पुतळाबाईनं त्या दिवशी सुनेच्या हातातून परात घेतली आणि स्वतः वाढायला गेली. मुलं खाली मान घालून भराभरा जेवून उठली, बापाच्या शेजारी बसायला त्यांना नको वाटत होतं. हौसराव एकटाच राहिला. ती भाकरी घेऊन त्याच्यासमोर वाकली. सासू कोपऱ्यात पेंगत होती, सुना चुलीपाशी होत्या.

"जागा बरी हुती," ती हळूच म्हणाली. "जांभळीखालची."

हौसरावाचा घास हातातच राहिला. त्यानं तिच्याकडं पाहिलं, आणि तिला सगळं कळलंय हे त्याला कळलं. "व्हय," तो म्हणाला. "वारा चांगला हुता."

तिला पुष्कळ बोलायचं होतं. चुकलं म्हणायचं होतं. निदान तिथं, त्याच्यासमोर, जमिनीवर टेकायचं तरी होतं. पण नकुशी कालवणाचं पातेलं घेऊन आली, आणि पुतळाबाई सरळ झाली. तिनं सुनेला सांगितलं, मामंजींना कालवण वाढ. मग ती आत गेली.

गावात बातमी दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या आत पोचली. हौसरावाचं त्यात काही फार गेलं नाही. उलट पारावरची तरणी पोरं त्याच्याकडं जरा वेगळ्या नजरेनं बघायला लागली, चेअरमन खाली मुंडी पाताळ धुंडी निघाला तर, म्हणून. कीव मात्र सगळी पुतळाबाईच्या वाट्याला आली. बाया तिला आडावर पहिलं पाणी भरू द्यायला लागल्या. चारपाच दिवसांनी शेजारची रंगुबाई आणि आणखी दोघी मुद्दाम समाचाराला आल्या. परसात निवडायला घेतलेल्या मटकीभोवती बसल्या आणि आडून आडून विचारायला लागल्या. शेवटी रंगुबाईला राहवलं नाही.

"पुतळाबाई, तुम्ही खंडाळ्याला गेला हुता म्हणं. बघितली का तिला? हाय तरी कशी?"

पुतळाबाई मटकीतला खडा शोधत होती.

"बघितली," ती म्हणाली. "वयानं माझ्यायेवढीच हाय. दिसायला काय इशेष न्हाई. तोंडानं फटकळ, आन् लई संशयी. कुनी मायेनं काय दिलं तर तिला वाटतं, ह्येच्यात कायतरी डाव हाय."

"आगं बया. मंग काय बघितलं चेअरमननं तिच्यात?"

"त्येच मला कळंना." तिनं सापडलेला खडा बाजूला टाकला. "पन लई जीव हाय त्येंचा तिच्यावर."

"मरू दे तिकडं रांड," रंगुबाई म्हणाली.

"नगं," पुतळाबाई म्हणाली. "शिव्या नगा घालू तिला. तिला ठावंच न्हवतं."

आणि मग ती रडायला लागली. सूप मांडीवरून घसरलं, मटकी मातीत सांडली, तरी तिला आवरेना. रंगुबाईनं तिला जवळ घेतलं. सवतीला शिवी देऊ न देणारी अशी बाई आपण जन्मात पाहिली नाही, असं ती पुढं गावभर सांगत होती.